घडीवर मोडलेला कागद

"चाचा, सा म्हयनं राहिल्यात तुमचं. हितनं रिटायर व्हायचं का लाकूडयार्डातनं, ते ठरवा. रसायन वाढवा!"

"वाढिवतो की, साहेब. पर रंगाबरोबर कागदाचा जीव बी जाईल."

आष्ट्याजवळच्या त्या कागद कारखान्यात लगदा पांढरा करण्याचे काम चांदसाहेब एकतीस वर्षे सांभाळत होते. मुठीत लगदा पिळून गळणारे पाणी पाहिले की यंत्र काय आकडा दाखवणार, हे त्यांना आधीच कळे. व्यवस्थापक राजवर्धन यांना फक्त आकडा कळे. मात्र त्या ज्ञानाला विद्यापीठाचे प्रमाणपत्र होते. खरेदीही त्यांचीच: कोवळी सुबाभूळ आणि जुनाट नीलगिरी, एकाच ढिगात आणलेली, एकत्रच शिजवलेली.

"कवळ्या लाकडाचा तंतू पातळ. रंग लगीच सोडतोय. जुन्या गाभ्याचा तंतू जाड भिंतीचा, रंग धरून बसतोय. त्याच्यात रसायन शिरंस्तवर कवळा तंतू खल्लास. दोन्ही येगळं शिजवाय पायजे हुतं."

"लाकडाशी सोयरीक केलीया व्हय, चाचा? सोडा म्हणतोय न्हवं!"

हुकूम होता. चांदसाहेबांनी रसायन सोडले.

शुभ्रतेचा आकडा ऐंशी हवा होता; दुपारी तो ब्याऐंशी आला. पेढे वाटले गेले. शुभ्रता मोजता येते, म्हणून तिलाच गुणवत्ता म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. चांदसाहेबांनी कागदाची पट्टी कापून उलटसुलट दुमडली. चौथ्या घडीला ती मोडली.

"आवं, पोरं त्याच्यावर लिवणार हाईत, घड्या घालणार न्हाईत!" राजवर्धन म्हणाले.

"वही घडी घालूनच शिवत्यात, साहेब."

राजवर्धननी उरलेला पेढा तोंडात टाकला. मग अहवाल पुढे सरकवला. "माल उत्तम, एवढंच लिवा. सही करा."

चांदसाहेबांनी चष्मा पुसला आणि सावकाश लिहिले: 'पांढरा आहे. चौथ्या घडीला मोडतो.' खाली सही केली, तारीख घातली.

दुसऱ्या सकाळी ते लाकूडयार्डात हजर झाले. काम ओंडके मोजण्याचे होते. ते मोजता मोजता जुने डावीकडे, कोवळे उजवीकडे लावत गेले. तसे कोणी सांगितले नव्हते. दुपारपर्यंत दोन नीटस ढीग उभे राहिले.

मग भोंगा झाला, लोडर आला आणि त्याने दोन्ही ढीग शिजवणीकडे जाणाऱ्या एकाच पट्ट्यावर लोटले.

चांदसाहेबांनी हातावरची साल झटकली. फाटकातून नवा ट्रक आत येत होता. ते त्याच्याकडे चालू लागले.