सुंदरीच्या कानाचं कौतुक

“ती नवी लय गरीब हाय. तिला काय व्हतंय? तुमी सुंदरीचंच रगात बघा.”

गुणमालाबाई डॉक्टरांना हे सांगत होत्या, तेव्हा ती नवी, म्हणजे मी, शेजारच्याच खुंट्याला उभी होते. गाईचे कान केवढे असतात, हे माणसं विसरतात.

म्हसवडच्या बाजारातून मी तासगावजवळच्या या गोठ्यात आले ती गाभण. “अंगानं कशी भरलीय बघा,” म्हणत गुणमालाबाईंनी पाठ थोपटली, वर आणखी पेंड चारली. माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग सुंदरी आणि मी एकाच सुमाराला व्यालो. सुंदरी इथलीच, घरची लाडकी. दुधाला माझ्याएवढीच, नखऱ्याला दुप्पट. डॉक्टर दर आठवड्याला तिच्या कानाला सुई टोचायचे, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घ्यायचे आणि म्हणायचे, “शून्य पॉइंट सात. छान.” त्यावर तिला गूळ. मी मनात म्हणायचे, कान मलाही आहेत की.

पुढं मला पेंड नकोशी झाली. पाठीची हाडं दिसायला लागली. पण बादली भरत होती, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही गप्प. नव्या घरात कशाला तोंड उघडा?

घरची नवी सून रूपाली माझ्यासारखीच. सगळं बघायची, बोलायची नाही. त्या दिवशी डॉक्टर सुंदरीला तपासून निघाले होते, तेवढ्यात उष्टी पेंड काढायला ती माझ्या तोंडाशी वाकली आणि थबकली.

“आवं आत्या, हिच्या तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा वास येतोय.”

“गाईला कशाला गं लावलीस नेलपॉलिश?”

डॉक्टर मात्र हसले नाहीत. गाडीला लावलेली किल्ली काढून परत आले आणि त्यांनी माझा कान धरला. तीन पॉइंट एक. सुंदरीच्या चौपटीहून जास्त. मी मान ताठ केली.

“रक्तात कीटोन वाढलेत,” डॉक्टर म्हणाले. “पोटात चारा नाही, अंगावरची चरबी जाळून दूध देतेय बिचारी. गाभणपणी फार लठ्ठ केली की असं होतं. अजून उशीर झाला असता तर आडवी पडली असती.”

गुणमालाबाईंचा हात माझ्या पाठीवर आला, या वेळी हाडं चाचपत. माझी मान आपोआप खाली गेली.

गोड औषधाच्या बाटल्या झाल्या. आता पेंड गोड लागते. आज डॉक्टर आले ते सवयीनं थेट सुंदरीकडं वळले. मी दावं ताणलं, कान पुढं केला आणि या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं हंबरले:

“आधी मी.”