लेकीच्या मापाचा कप

दुकान बंद केलेल्या टेलरमास्तरांनी उतारवयात मातीकामाच्या वर्गात नाव घातलं, ते एका कपासाठी. भांडून घर सोडून गेलेल्या लेकीला सात वर्षांनी काहीतरी पाठवायचं होतं. तिच्या हाताचं माप त्यांना तोंडपाठ होतं. कपाच्या कानात तिची दोन बोटं नीट बसली पाहिजेत, ना सैल, ना घट्ट.

“मास्तर, जरा मोठा करा,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “भट्टीत माती आटते.”

मास्तर फणकारले. “चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो बाई, कापड आधी भिजवून घ्या, म्हणजे मागाहून आटत नाही. ही माती तर चांगली भिजलेली आहे!”

बाईंनी हात टेकले.

पंधरवड्याने भट्टी उघडली. कप देखणा निघाला होता, पण कानात मोठ्या माणसाचं जेमतेम एकच बोट शिरत होतं. दोन बसली असती, तर ती एखाद्या लहान मुलीची. वर्गातले बाकीचे तोंड फिरवून हसले. बाईंनी मात्र मातीचा नवा गोळा मास्तरांपुढे ठेवला.

“दुसरा करू या. या वेळी मोठा.”

मास्तर कितीतरी वेळ त्या कानात बोट अडकवून बसले. मग त्यांनी गोळा हळूच मागे सारला.

“नको बाई, हाच पाठवतो. या मापाची होती तेव्हा मी रागावलो, तरी रडायला माझ्याच कुशीत यायची.”