मैनेचा खारा घास

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. बुवा फेटा बांधेस्तोवर एक गोष्ट सांगतो. हसून पोट दुखलं तर मारुतीरायाला सांगा, मला न्हाय!

आगबोटीनं मुंबई गाठायचे दिवस ते. आगरदांड्याजवळच्या आमच्या गावात शिमग्याच्या होळीची ठिणगी उडाली नि अंबाजीची पेंढ्याची अख्खी उडवी जळाली. चैत्रात रानात हिरवी काडी नव्हती. त्याची म्हैस मैना, नाव मैना नि रंग तव्याचा, बरगड्या दाखवीत उभी. मासळीवाली सगुणा अंबाजीच्या बायकोला, ठमाबाईला म्हणाली, "वैनी, खाडीतल्या तिवराचा पाला घाल की. आमच्याकडची गुरं मिटक्या मारत खातात."

ठमाबाईनं भारे आणले. पण खारट पाला मुक्या जिवाला घालायचा कसा? तळ गाठलेल्या विहिरीतून पाणी शेंदून ती पानन्‌पान धुवायची, पदरानं पुसायची. मैना हुंगायची नि तोंड फिरवायची.

"इकतो तिला," अंबाजी म्हणाला. "उद्या हनुमानजयंतीचं कीर्तन आटपलं का व्यापारी येनार."

"माज्या जिवातली हाय ती!"

"मंग तुज्या जिवातलं गवात घाल तिला!"

पहाटे कीर्तन रंगलं. तेव्हाच्या हरेश्वरबुवांनी रंगाच्या भरात जन्माआधीच बाळ मारुतीला सूर्याकडं झेप घ्यायला लावली, तेवढ्यात खुंटा उपटून, दावं फरफटवत मैना देवळासमोरून उधळली!

"आगं मैने!" ठमाबाई धावली. मागं टाळकरी, मागं गळ्यात मृदंग घेतलेला रंगू, त्याच्या मागं धोतर सावरीत बुवा. खाडीला ओहटी. गुडघाभर चिखलात मैना उभी, नि तिवराची खारी, धुळीची, न धुतलेली पानं कराकरा ओरबाडतेय!

"बया!" ठमाबाईनं कपाळाला चिखलाचा हात लावला. "हिला मीठच हवं व्हतं, नि मी धुऊन धुऊन कंबर मोडली!"

अंबाजी हसता हसता चिखलातच बसला. "व्यापाऱ्याला सांगा, परत जा. म्हस न्हाय इकायची!"

"अहो, सूर्य उगवला!" बुवा ओरडले. "जन्माची वेळ!"

मग काय, तिथंच पाळणा म्हटला. फुलं देवाच्या नावानं मैनेवर पडली. तिनं तीही खाल्ली.

तेव्हा मंडळी, हनुमानजयंतीला सुंठवडा हातावर पडला, की तोंडात टाकण्याआधी आमच्या ठमाबाईची आठवण काढा. पानन्‌पान धुणारी माया होती ती.