वेगळ्या ट्रेमधला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पायातला काटा काढणारा नव्हे, डोळ्याच्या शस्त्रक्रियेतला. माझ्या टोकांना इतके बारीक दात आहेत की ते पाहायला तुम्हांला भिंग लागेल.

ज्या कारागिराने मला घासून घडवले, त्याची एक सवय होती. तो माझी टोके मिटून मला खिडकीतल्या उजेडात धरी आणि एक डोळा बारीक करून पाही. दातांच्या फटीतून उजेड दिसला, की मी पुन्हा घासायला. अखेर एक दिवस उजेड दिसेनासा झाला आणि त्याने मला डबीत ठेवले.

पुढे मी एका डॉक्टरबाईंच्या हाती आलो. त्यांचे शिक्षण संपले तेव्हा त्यांच्या गुरूंनी मला भेट म्हणून दिले होते. "हा माझा उजवा हात," असे त्या सिस्टरना सांगत. ते ऐकून मी मनातल्या मनात ताठ होई; तसा मी पोलादाचाच, आणखी किती ताठ होणार!

पण कामे वाढली, तशी घाईही वाढली. धुताना माझ्या टोकांवर रबराची टोपी घालत असत, ती कुठेतरी हरवली. मग एकदा मला जड कात्र्यांबरोबर एकाच भांड्यात टाकले गेले. माझे एक टोक केसाएवढे वाकले. मी ओरडू शकत नव्हतो. मला कोणी उजेडात धरले नाही.

अशात पेंटरकाका आले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. शिडीवर, भर उन्हात. लहानपणी तारेचे टोक लागून त्यांचा डावा डोळा गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. त्या डोळ्यात, काळे आणि पांढरे जिथे मिळते तिथे, एक फिकट ठिपका उगवला होता. काका म्हणत, डोळ्यात रंग उडालाय.

"बाबा, रंग असता तर टर्पेंटाइनने गेला असता," त्यांची मुलगी म्हणे.

"मग घाल टर्पेंटाइन!"

अशी थट्टा करण्यात वर्षे गेली. ठिपक्याची गाठ झाली आणि ती काळ्यावर सरकू लागली, तेव्हा मुलीने त्यांना हाताला धरून आणले. ती गाठ कर्करोगाची होती.

अशा गाठीचा एक नियम असतो. तिला थेट हत्यार लावायचे नाही. गवताचे बी चपलेला चिकटून दुसऱ्या अंगणात जावे, तशा तिच्या पेशी हत्याराला चिकटून दुसरीकडे रुजू शकतात. म्हणून भोवतीची निरोगी त्वचा धरायची आणि गाठ अख्खी उचलायची. गाठीसाठी वापरलेली हत्यारे वेगळ्या ट्रेमध्ये टाकायची. मग नवे हातमोजे, नवी हत्यारे, आणि त्यानंतरच उघड्या जागेवर नवे आवरण.

शस्त्रक्रियेच्या वेळी काका जागेच होते. फक्त डोळा बधिर केला होता.

"काका, डोळा हलवायचा नाही हं."

"नाही हलवत, बाई. दुसरा कुठे आहे उसना घ्यायला?"

सिस्टर हसल्या. बाईंनी माझ्या दातांत निरोगी त्वचेचा काठ दिला. मी धरला, निदान मला तसे वाटले. वाकलेल्या टोकाचा दात घट्ट बसलाच नाही. काठ सुटला आणि माझे टोक थेट गाठीत रुतले. रक्ताचा एक लाल मणी वर आला.

सिस्टरचे हसू थांबले.

"काय झालं?" काकांनी विचारले. तोंडावर कापड असले, तरी माणसाला शांतता ऐकू येते.

"चिमटा निसटला, काका. गाठीला लागला. आता ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त काढावं लागेल."

"काढा. पण बाई, सरळ रेघ दिसली पाहिजे मला. बाकी काही नाही मागत."

बाईंनी मला दिव्यासमोर धरले. टोके मिटली. फटीतून उजेड आला. त्यांनी मला वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले.

उरलेले मी तिथूनच पाहिले. त्यांनी डोळा धुतला, रुंद काठ ठेवून गाठ काढली, चुकार पेशी मराव्यात म्हणून कडा गोठवल्या. मग एका नव्या, चकचकीत चिमट्याने ते आवरण उचलले. बाळ जन्मते तेव्हा नाळ-वारेबरोबर एक पातळ पापुद्रा येतो, तेच हे आवरण. कुठल्याशा आईने तो दान केला होता. तपासून, गोठवून जपलेला. त्याची चिकट बाजू कोणती ते बाईंनी बोळ्याच्या टोकाने पाहिले, ती खाली केली आणि डोळ्याला चालणाऱ्या खास गोंदाच्या थेंबांवर पापुद्रा अलगद पसरला. आजवर ते काम माझे होते. त्या दिवशी मी त्याच्या जवळ जाणेही धोक्याचे होते.

पापुद्र्याखाली नवी त्वचा आली, डोळ्याचा पांढरा भाग पुन्हा पूर्ववत झाला. काका आता रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा घालून शिडीवर चढतात. रेघ त्यांना सरळ दिसते. कापलेल्या कडांत कर्करोग नसल्याचा अहवालही आला. पण माझ्या टोकाने काय सांडले असेल, ते कोणता अहवाल सांगणार?

मी हल्ली बाईंच्या टेबलाच्या खणात असतो. नवी सिस्टर आली, की बाई मला खिडकीसमोर धरून ती फट दाखवतात. आणि काका तपासणीला आले, की मी खणातून ऐकतो.

"काय बाई, उडालाय का रंग पुन्हा?"

दिव्याची कळ वाजते. बाई बराच वेळ पाहतात. मुलगीही श्वास रोखून उभी असावी, कारण तिच्या बांगड्यांचाही आवाज येत नाही.

"आज तरी नाही, काका."

दर वेळी एवढेच. 'तरी' हा शब्द त्या कधी गाळत नाहीत, आणि मुलगी पुढची तारीख विचारते.

मित्रांनो, धुऊन ठेवलेले हत्यार एकदा उजेडात धरून पाहा. घरातल्या माणसाच्या डोळ्यात ठिपका दिसला, तर त्यालाही हसण्यावारी नेऊ नका. उजेडात बसवा, नीट पाहा, डॉक्टरांकडे न्या. माझी फट केसाएवढीच होती. काकांचा ठिपकाही एकेकाळी तेवढाच होता.