थोरलीचा चेहरा

थोरली पडद्यावर गाजली आणि ऐन सव्विशीत मोटारीच्या अपघातात गेली. त्याला तीस वर्षं उलटली, तरी सलूनच्या भिंतींवर आणि मोबाईलच्या कव्हरांवर ती अजून सव्विशीतच होती. ती गेल्यानंतर जन्मलेली पोरंसुद्धा तिच्यावर जीव टाकत. धाकटीने मात्र सासरचं आडनाव घट्ट धरलं, नवऱ्याबरोबर चष्म्यांचं दुकान थाटलं आणि बहिणीचा विषय कुणाकडे काढला नाही. चाहत्यांनी माहेरच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे पळवले होते, ते दिवस ती विसरली नव्हती.

त्या दुपारी नवरा जेवायला घरी गेला होता. दुकानात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, मऊ बोलणारे. "जवळचं वाचायला त्रास होतो," म्हणाले. धाकटीने त्यांच्या नाकावर तपासणीची रिकामी फ्रेम चढवली आणि भिंगं काढायला ती वळली. तेवढ्यात मागे शटर खाली आल्याचा खडखडाट झाला.

गृहस्थ फ्रेम तशीच घालून शटरपाशी उभे होते. "घाबरू नका, ताई. तुम्ही कोण, ते मला ठाऊक आहे."

"मी कुणी नाही. शटर उघडा."

"उघडतो की." त्यांनी पिशवीतून एक आकाशी झगा काढून काउंटरवर पसरला. शेवटच्या सिनेमात थोरलीने घातला होता, हुबेहूब तसा. "मुद्दाम शिवून घेतलाय. एकदाच घाला. मी नुसता बघेन आणि जाईन."

धाकटीने आपल्या फोनकडे पाहिलं. तो काउंटरवर, त्यांच्याच हाताशी होता. ओरडावं, तर शटर बंद होतं. माणूस चिडलेला असता, तर एक वेळ परवडलं असतं. हा तर लहान मुलाची समजूत काढावी तसा बोलत होता.

"घालते," ती कशीबशी म्हणाली. "पण आधी मला नीट बघून घ्या."

ती पुढे गेली. तिने फ्रेममध्ये जवळचं दिसायची भिंगं सरकवली, तपासणीचा दिवा स्वतःवर वळवला आणि चेहरा त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर आणला.

"दिसतंय? या डोळ्यांखालच्या पिशव्या, हा लोंबलेला गळा. आमच्या आईचंही असंच झालं होतं. थोरली असती, तर आज माझ्याहून म्हातारी दिसली असती."

गृहस्थ एक पाऊल मागे सरकले. "ती अशी कधीच झाली नसती," ते म्हणाले. "तुम्ही तिच्या कुणी लागत नाही."

त्यांनी फ्रेम ओरबाडून काढली, झगा छातीशी कवटाळला, शटर वर ढकललं आणि ते चालते झाले.

नवरा आला, तेव्हा ती काउंटरच्या मागे जमिनीवर बसली होती. सगळं ऐकून तो तिला तडक पोलीस चौकीत घेऊन गेला. हवालदार लिहून घेऊ लागला. "पण तो तुमच्याच दुकानात का शिरला?"

सांगणं भाग होतं. धाकटीने बहिणीचं नाव घेतलं.

हवालदाराचं पेन थांबलं. "म्हणजे ती? अहो, माझ्या मुलीच्या कपाटावर तिचाच फोटो आहे." तो धाकटीकडे बघतच राहिला. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "बाई, जरा उजेडाकडे वळता का?"

धाकटीने नवऱ्याचं मनगट धरलं. "राहू दे ती तक्रार. घरी चला," ती म्हणाली, आणि रस्त्यावर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.