बडी लार्क नावाची तीन माणसं

ओहायो आणि इंडियाना मिळून अकरा रेडिओ स्टेशनांची यंत्रं माझ्याकडे होती. महिन्यातून एकदा जायचं, मनोऱ्याची मापं घ्यायची, काट्यांचे आकडे वहीत लिहायचे, खाली सही करायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. गाणी लावणाऱ्या मंडळींशी माझा तसा काही संबंध नव्हता. पण यंत्रांची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये काच असे, आणि काचेतून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. वीस वर्षं मी त्यांना काम करताना बघितलं.

आवाजावरून माणूस सहा फुटी वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक बुटके आणि टकले. एक जण उन्हाळ्यात बनियनवर बसून बायकांना सांगायचा, 'आज खास तुमच्यासाठी नवा टाय घातलाय.' दुसरा बोलताना इतका हसायचा की बघणाऱ्याचे गाल दुखावेत, आणि माइक बंद झाला की लगेच सुतकी चेहरा. मी विचारलं तर म्हणाला, 'हसू ऐकू जातं, ऑर्विल.' लघवीला जायचं असेल तर हे लोक सात मिनिटांचं गाणं लावत. एखाद्या स्टेशनवर ते गाणं तासातासाला लागलं की समजावं, गड्याला कॉफी जास्त झालीय. एकंदरीत मला या लोकांचं फारसं कौतुक नव्हतं. अपवाद एकच, हार्लन फेरीचा लॉइड प्रोहास्का.

हार्लन फेरी नदीकाठचं गाव. काचेचा कारखाना, दोन चर्च आणि एक रेडिओ स्टेशन. स्टेशनाला सगळे 'तेराशे नव्वद' म्हणत, कारण रेडिओवर काटा त्या आकड्यावर आणला की ते लागायचं. मालक मर्ल हॅगन. मर्लने एकसष्ट साली डॅलसच्या एका कंपनीकडून नावाची धून करून घेतली होती. सात गायक एका सुरात 'बडी लार्क!' म्हणून गायचे आणि मागे तुतारी. ज्याच्यासाठी ती केली तो बडी दीड वर्षात मोठ्या शहरात पळाला. मर्ल म्हणाला, 'माणूस गेला, धून तर आहे ना.' पुढे जो त्या जागेवर येई त्याचं नव्यानं बारसं होऊन तो बडी लार्क होई. दुसरा बडी पुढे विमा विकायला लागला. तिसरा लॉइड.

लॉइड गावातलाच, काचेच्या भट्टीवर राबलेल्या माणसाचा मुलगा. त्याचे हात बघण्यासारखे होते. खाली थाळी गरगर फिरतेय आणि वर रेकॉर्ड त्याच्या अंगठ्याखाली स्थिर. माइक चालू झाल्याचा लाल दिवा लागला की तो बोलायला लागे, बोलता बोलता अंगठा उचले, वाद्यं सुरू होत, आणि गाणाऱ्याने तोंड उघडायच्या ऐन आधी याचं वाक्य संपे. कधी अर्ध्या शब्दाचीही टक्कर नाही. शेकडो गाण्यांची सुरुवात किती सेकंदांची, ते त्याला पाठ होतं.

मर्लचा नियम एकच होता. रेडिओवर स्वतःचं खरं नाव घेतलं की नोकरी गेली. 'लोकांनी बडीला घरात घेतलंय,' तो म्हणायचा. 'लॉइड कोण ते त्यांना कशाला सांगायचं?'

लॉइडची आई दर मंगळवारी स्टेशनवर यायची. नाव अनेझ्का. ठेंगणी, डोक्याला रुमाल, हातात खोका, आणि खोक्यात खसखशीचं सारण भरलेले गोल पाव. पाव सगळ्यांना वाटायची आणि बाकावर बसून काचेतून मुलाकडे बघत राहायची. एकदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू इथला मोठा माणूस ना?"

"नाही हो. मी फक्त यंत्रं बघतो."

"म्हणजे मोठाच. तू यंत्र बंद केलंस तर हे सगळे बोलके मुके."

मला हसू आलं. तिला नाही.

"चर्चमधल्या बायका काय म्हणतात माहितेय मला? 'अनेझ्का, तुझा लॉइड रेडिओवर असतो म्हणतेस, आम्हाला तर रोज तो बडीच भेटतो. तुझा तिथे झाडू मारतो का गं?'"

"हसू द्या की त्यांना."

"त्या हसतात त्याचं काही नाही रे. याच्या बापाने हे नाव समुद्रापार आणलं. सव्वीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिला, आणि तिथे सगळे त्याला नुसतं 'जो' म्हणायचे. प्रोहास्का म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही. मला वाटलं, पोरगा बोलण्याचंच काम करतो, हा तरी घेईल नाव. एकदा. घरच्या रेडिओतून, त्याच्या तोंडून, मला एकदाच ऐकायचंय. तू सांग ना मालकाला."

"ते माझं खातं नाही, मिसेस प्रोहास्का," मी म्हणालो. आपण बरं आणि आपलं काम बरं, हा माझा जुना स्वभाव. तिने दिलेला पाव मात्र मी खाल्ला. तो चांगला होता.

पुढच्या खेपेला लॉइडनेच विषय काढला. स्टेशन सकाळी सहाला सुरू व्हायचं. त्याच्या आधी मी यंत्राची चाचणी घ्यायचो, तेव्हा माइकवर कुणीतरी एक ते दहा आकडे म्हणायचे असत, आणि कुणी रेडिओ लावला असेल तर त्याला ते ऐकू जात.

"यावेळी आकडे मी म्हणतो," तो म्हणाला. "दहा झाले की नाव घेतो. नुसतं नाव, दुसरं काही नाही. आई उठून रेडिओपाशी बसेल. त्या वेळी मर्ल घोरत असतो."

"चाचणीत आकडे आणि स्टेशनचं नाव, एवढंच बोलता येतं, लॉइड."

"कोण ऐकतंय?"

"वहीत माझी सही असते."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. नियम माझ्या बाजूने होता. मात्र ती वही तपासायला वीस वर्षांत एकदाही कुणी आलं नाही, हेही सांगायला हवं.

त्याचा राग नव्हता. पुढेही मी गेलो की कॉफी पाजायचा. एकदा मी त्याला विचारलं, "तुम्हाला शिकवतात ना, हजारो लोकांशी नाही, एकाच माणसाशी बोलायचं? तू कुणाशी बोलतोस?"

"आईशी," तो म्हणाला. "साडेचार तास सलग मला दुसरं कोण ऐकणार?"

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये मी मंगळवारी तिथे पोचलो तेव्हा बाक रिकामा होता. रविवारी पहाटे ती झोपेतच गेली होती.

तेराशे नव्वदवर रोज बारा वाजून पाच मिनिटांनी गेलेल्यांची यादी वाचत. मागे हळू आवाजात ऑर्गनची रेकॉर्ड, आणि अंत्यविधी करणाऱ्यांकडून आलेला कागद. कोण गेलं, वय काय, दफन कधी, मागे कोण कोण आहे. त्या पाच मिनिटांत सगळ्या खोऱ्यात लोक चमचा हातात धरून थांबत. यादी वाचायचं काम त्या वेळी जो गाणी लावत असेल त्याचं, म्हणजे बडी लार्कचं.

पावणेबाराला लॉइड आला. काळा कोट, दाढी केलेली. मर्ल दारातच उभा होता.

"अरे, घरी जा. आज मी वाचतो."

"तुम्ही तिला 'प्रोहॅस्की' कराल."

त्याने खरंच तसं केलं असतं, हे मर्ललाही ठाऊक होतं. तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "कागदावर आहे तेवढंच हं, बेटा. इथे तू बडी आहेस."

"माहितेय."

मी काचेच्या माझ्या बाजूला होतो. कागदावर तिचं नाव तिसरं होतं. पहिली दोन त्याने वाचली. मग तिसरं.

"अनेझ्का प्रोहास्का, वय चौसष्ट. दफनविधी उद्या सकाळी दहा वाजता. पती जोसेफ यांचं पूर्वीच निधन झालं आहे. त्यांच्या मागे एक मुलगा, लॉइड प्रोहास्का."

घाई नाही, कंप नाही. बापाच्या कारखान्यात कुणाला न जमलेलं नाव त्याने स्वच्छ, सावकाश, जसं घ्यायला हवं तसं घेतलं. माझी नजर सवयीने काट्यावर गेली. आवाज मनोऱ्यापर्यंत नीट पोचत होता, सगळ्या खोऱ्यात जात होता, आणि ज्या बाईसाठी तो जायला हवा होता ती उद्या सकाळी दहाला मातीत जाणार होती. एका सहीचं काम होतं. मला माझी लाज वाटली. त्या काचेसमोर मी पहिल्यांदाच मान खाली घातली.

यादी संपली की नेमाने धून वाजायची. त्याने बटण दाबलं. सात जण एका सुरात 'बडी लार्क!' म्हणून गायले, तुतारी वाजली, आणि गाणं सुरू झालं. लाल दिवा विझल्यावर मी त्याच्या खोलीत गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकायला लागला.

नदीपलीकडच्या मिसेस ट्रिपलेट होत्या. रोज एक तरी गाणं मागायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या फोनवर ओरडत, आणि त्यांचं बोलणं खोलीभर ऐकू जाई.

"बडी! अरे, ती प्रोहास्का बाई गेली का रे? चर्चच्या जत्रेत खसखशीचे पाव विकायची तीच ना?"

"हो, तीच."

"अगं बाई! भली बाई होती. दर वर्षी मला एक पाव जास्त घालायची. आणि मुलगा कोण म्हणालास तिचा?"

"लॉइड," तो म्हणाला. "लॉइड प्रोहास्का."

"नाही बाई, कधी ऐकलं नाही. पण तुझी सगळ्यांशी ओळख. भेटला तर सांग हं त्याला, ट्रिपलेट बाईला फार वाईट वाटलं म्हणून. सांगशील ना?"

"सांगतो, मॅम."

त्याने फोन ठेवला. गाण्याचे अकरा सेकंद उरले होते. त्याने पुढची रेकॉर्ड अंगठ्याखाली धरली, माझ्याकडे न बघता हाताने मला बाहेर जायची खूण केली, आणि दिवा लाल व्हायच्या आत चेहऱ्यावर हसू आणलं.