सकाळी मशीन, दुपारी माणूस

आजोबांचं वय बेचाळीस. कंपनीत बाकी सगळी पंचविशीच्या आतबाहेरची पोरं, त्यामुळे कानशिलावर चार केस पांढरे झाले त्या दिवसापासून सगळे त्यांना आजोबाच म्हणायला लागले. सॉफ्टवेअरच्या धंद्यात बेचाळीस म्हणजे इतर धंद्यांतले ऐंशी. तिथे माणूस पिकत नाही, एकदम शिळाच होतो.

दूरदेशी औषधांची शेकडो दुकानं असलेली एक मंडळी होती. त्या दुकानांत बिलं करायचा, साठा मोजायचा जो प्रोग्राम चाले, तो या कंपनीनं लिहिलेला, आणि त्यातला निम्मा आजोबांच्या हातचा. प्रोग्राम अडला की दुकानातला माणूस तक्रार लिहून पाठवायचा, आणि आजोबा नि त्यांच्या हाताखालची पोरं उत्तर धाडायची. बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं न बघवणारा एक प्राणी प्रत्येक कंपनीत असतो. त्याला विक्रीवाला म्हणतात.

या विक्रीवाल्यानं त्या दुकानवाल्यांना सांगून टाकलं, "आमच्याकडे मशीन आहे. तक्रार वाचतं, समजून घेतं, आपलं आपण उत्तर देतं. माणसाची गरजच नाही." आधी विकायचं आणि मग बनवायचं, ही त्या धंद्याची रीतच आहे; तिला कुणी खोटं म्हणत नाही, दूरदृष्टी म्हणतात. वरच्या मजल्यावर तीन पोरं ते मशीन बनवत होती खरी. पण कसलीही तक्रार घातली तरी ते एकच सांगे, की संगणक बंद करून पुन्हा चालू करा. एकानं लिहिलं, दुकानात वीजच नाही, काय करू? त्यालाही तेच उत्तर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा सगळा प्रकार.

मशीन दाखवायचा दिवस उजाडला आणि साहेबांनी आजोबांना बाजूला घेतलं. साहेब आजोबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण साहेब.

"आजोबा, आठवडाभराचा प्रश्न आहे. तुम्ही आत बसा आणि मशीनसारखी उत्तरं द्या."

"मशीनसारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... तुमच्यासारखीच. फक्त खाली नाव घालू नका."

चहाच्या खोलीमागे एक अडगळीची खोली होती. मोडक्या खुर्च्या, जुने पडदे, पाण्याचे रिकामे जार. तिच्या दारावर 'सर्व्हर रूम, प्रवेश बंद' अशी पाटी लागली आणि आजोबा आत जाऊन बसले. नियम मोजकेच. फार लवकर उत्तर द्यायचं नाही, फार उशीरही करायचा नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर एक बटण होतं; ते दाबलं की तिकडे 'मशीन शिकत आहे' असं उमटायचं. आणि आजोबा लघवीला उठले की दुसरं बटण दाबून जायचे. तेवढा वेळ शेकडो दुकानांत 'देखभाल सुरू आहे' अशी पाटी झळकायची. आपल्या एवढ्याशा गरजेला एवढा मान मिळेल असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

आठवडा संपला, महिना संपला. वरचं मशीन काही शहाणं होईना. आणि मग दुकानवाल्यांनी अट घातली. सकाळच्या तक्रारी मशीननं सोडवायच्या, दुपारच्या माणसांनी. प्रत्येक उत्तराला दुकानदार तारे देतील. तीन महिन्यांनी ज्याचे तारे जास्त, ते ठेवायचं आणि दुसऱ्याला रजा द्यायची.

साहेबांनी हे सांगितलं तेव्हा आजोबांना आधी हसूच आलं. मग ते हसायचे थांबले.

"म्हणजे सकाळीही मीच आणि दुपारीही मीच?"

"हो."

"मशीन जिंकलं तर?"

"तर मदत टीमची गरज नाही. आता टीममध्ये सगळ्यांत वर कोण, तर तुम्ही. सुरुवात तुमच्यापासून."

"आणि मशीन हरलं तर?"

"तर अट राहील कागदावर. त्यांना शेवटी मशीनच हवंय; ते दुसऱ्या कंपनीचं घेतील. मग तुम्ही, मी, हा अख्खा मजला, सगळेच घरी."

"मग मी जिंकायचं की हरायचं, ते तरी सांगा."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "दोन्हीकडून चांगलं खेळा," ते म्हणाले, आणि मीटिंगला निघून गेले.

घरी आजोबांनी बायकोला सगळं सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची, त्यामुळे धूसर काही तिला खपत नसे.

"थांब. तुझी नोकरी कोण खाणार?"

"मशीन."

"आणि मशीन कोण?"

"मी."

"मग नको ना खाऊस!"

"नाही खाल्ली तर सगळ्यांचीच जाते."

तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "अरे, एक कुठलं तरी सांग. हे दिसतंय की ते दिसतंय?"

सासरे त्यांच्याकडेच राहायचे. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जोडण्या करून निवृत्त झालेले. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "जावईबापू, मला एक कळत नाही. मशीनला दुपारची सुट्टी असते का?"

"नसते, बाबा."

"मग तुम्हाला जेवायला कोण सोडतं?"

बायको खो खो हसली. आजोबाही हसले, पण त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली. इकडे आड आणि तिकडे विहीर ही म्हण त्यांनी शाळेत लिहिली होती. पण आडातही आपण आणि विहिरीतही आपण, याला काय म्हणतात ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला. मशीन जिंकायला हवं, पण थोडक्यात. माणूस हरायला हवा, पण इतका थोडा की काढायला लाज वाटावी. म्हणून एका सकाळी त्यांनी मुद्दाम वाईट मशीन व्हायचं ठरवलं. पहिलीच तक्रार आली. एका लहान दुकानातल्या मुलीची. लहान बाळाचं औषध समोर आहे, बाळाची आई समोर आहे, आणि प्रोग्राम म्हणतोय साठा शून्य, बिलच होत नाही. आजोबांनी टाइप केलं, 'संगणक बंद करून पुन्हा चालू करा.' बोट बटणावर गेलं, पण पुढे दाबवेना. प्रोग्राममध्ये गाठ कुठे पडली आहे ते त्यांना ठाऊक होतं. ती गाठ त्यांनीच तर मारलेली, सात वर्षांपूर्वी, घाईत. त्यांनी ते सगळं पुसलं आणि लिहिलं, 'घाबरू नका. आधी औषध देऊन टाका. बिल आपण मागून करू. आता मी सांगतो तसं करा.' मुलीनं पाचही तारे दिले. आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना इतकं बरं वाटावं, याचा त्यांना भयंकर राग आला.

मग सकाळी बिघडता येत नाही तर दुपारी तरी सुधारू, असं त्यांनी ठरवलं. पण दुपारचा माणूस म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाहेरच्या जागेवर बसलं की दर घटकेला कुणीतरी खांद्यावर टकटक करणार. ही मीटिंग, ती मीटिंग, आज काय केलं ते सांगायची मीटिंग. उत्तर लिहिलं की ते आधी दर्जावालीकडे जायचं, मग कायदेवाल्याकडे. 'घाबरू नका' असं लिहिलं तर दर्जावाली विचारायची, "ग्राहक घाबरला आहे असं आपण कशावरून म्हणतो?" मग त्या जागी 'आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत' असं यायचं. तोवर दुकान बंद व्हायची वेळ झालेली असायची. तोच माणूस, तीच बोटं, तेच ज्ञान. मशीनला कुणी काही विचारायचं नाही, कारण मशीनला शहाणपण शिकवायला सगळेच घाबरत. माणसाला शिकवायला कुणीच घाबरत नव्हतं.

हळूहळू आजोबांना भलतीच सवय लागली. ते मशीनबद्दल परक्यासारखं बोलायला लागले. "आज मशीन दमलंय," असं ते घरी येऊन म्हणत. दुपारी एखादं उत्तर अडलं की त्यांच्या मनात येई, हे सकाळच्याला विचारायला हवं, त्याला सुचेल. एकदा तर त्यांना मशीनचा मत्सरही वाटला. कानामागून आलं आणि तिखट झालं! मग खुर्चीत ताठ बसून त्यांनी स्वतःलाच विचारलं, आपण नक्की कुणावर जळतोय?

तीन महिने भरले. मोठ्या खोलीत पडदा लावला. त्यावर दुकानवाल्यांच्या बाजूची बाई आली. तिच्याशी आजोबांची बऱ्याच वर्षांची फोनवरची ओळख. तिच्या मुलाचा हात मोडला होता ते आजोबांना ठाऊक, आजोबांच्या सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ते तिला ठाऊक. तारे मोजायची गरजच नव्हती. मशीन कुठल्या कुठे पुढे गेलं होतं.

"दुकानदार म्हणतात, मशीनला आमची घाई कळते," बाई म्हणाली. "एकीनं लिहिलंय, मी रडत होते आणि त्यानं मला आधी शांत केलं. माणसांची उत्तरं मात्र..." ती थांबली. "मला हे बोलायला बरं वाटत नाही. पण ती कोरडी वाटतात. जणू आत कुणी नाहीच."

आजोबांचे कान तापले. स्तुतीही त्यांचीच होती आणि निंदाही त्यांचीच. त्यांच्या तोंडातून "थँक—" एवढं निघालंही, आणि टेबलाखाली साहेबांच्या बुटानं त्यांचा पाय दाबला. बाईला वाटलं, दुःखानं त्यांना बोलवत नाहीये. तिनं नजर खाली वळवली.

बाहेर आल्यावर साहेबांनी त्यांना मिठीच मारली. "आजोबा, वाचवलंत! सगळा मजला वाचवलात!"

"आणि मी?"

"तुम्ही तर आहातच. मशीन आहे तोवर तुम्ही आहात. फक्त कंपनीच्या नोकरांत तुमचं नाव ठेवता येणार नाही, कारण माणूस काढला असं आपण कबूल केलंय. तुम्ही बाहेरून याल. मशीनच्या देखभालीला."

"किती दिवस?"

"वरची पोरं तुमच्याच उत्तरांवर मशीनला शिकवताहेत. ते शिकेपर्यंत."

आजोबांना राग यायला हवा होता. कदाचित आलाही होता, पण तो कुठल्या बाजूनं काढायचा ते कळेना. त्यांनी ओळखपत्र जमा केलं, कंपनीचा फोन जमा केला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं डोळे पुसले. ते पुढच्या दारानं बाहेर पडले, इमारतीला वळसा घातला आणि मागच्या जिन्यानं वर आले. जिन्यावरचा पहारेकरी त्यांना रोज बघणारा, तरीही त्यानं विचारलं, "कोण?"

"मशीनच्या कामाचा," आजोबा म्हणाले, आणि त्यानं आत सोडलं.

आता दुपारही मशीनचीच होती. एकामागून एक तक्रारी येत होत्या. आजोबा उत्तरं देत होते. आणि मग एक नवीनच काहीतरी आलं. दुकानातून नाही, खुद्द बाईकडून.

'ही तक्रार नाही,' तिनं लिहिलं होतं. 'इथे कुणाशी बोलायचं ते कळेना, म्हणून तुला लिहितेय. तुझ्यामुळे आज एका माणसाची नोकरी गेली. चांगला माणूस. मी त्याला बरीच वर्षं ओळखते. तो एक शब्दही बोलला नाही. त्याला माझा राग आला असेल का?'

असं काही आलं तर काय करायचं ते ठरलेलं होतं. 'मी फक्त प्रोग्रामबद्दल मदत करू शकतो' हे वाक्य तयार होतं, नुसतं बोट ठेवायचं. आजोबांनी ठेवलं नाही. त्यांनी लिहिलं, 'बाई, तो मीच.' आणि बघत बसले. भिंतीपलीकडून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. नोकऱ्या वाचल्या म्हणून ती चहाच्या खोलीत जमली होती. आजोबांनी ती अक्षरं एकेक करून पुसली.

तिकडे नुसते ठिपके लुकलुकत असणार. त्यांनी 'मशीन शिकत आहे' दाबलं आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. राग आला होता का? खरंच? इतके महिने ते या ना त्या बाजूनं उत्तरं देत आले होते, आणि आता त्यांनाच कुणी काहीतरी विचारलं होतं. बराच वेळ त्यांनी मनात चाचपून पाहिलं. मग जे सापडलं ते लिहिलं.

'नाही. त्याला तुमचा राग आलेला नाही. खरं सांगतोय.'

उत्तर गेलं. मग बाईचं एक वाक्य उमटलं, 'तुला काय कळणार, म्हणा.' त्याखाली नेहमीचा प्रश्न आपोआप आला, या उत्तराचा उपयोग झाला का? तिनं एकच तारा दिला आणि ती निघून गेली.

आजोबांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला, तिला फोन लावायला. खिसा रिकामा होता. फोन त्यांनी सकाळीच जमा केला होता, आणि तिचा नंबर त्या फोनातच होता.